तिकडच्या राज्याची आरास

"हळू. त्याला अजून इकडची हवा मानवलेली नाही."

असे म्हणून काकू ती वस्तू दोन बोटांत उचलीत, तिच्यावर हलकी फुंकर घालीत आणि मगच तळहातावर ठेवून पुढे करीत. वस्तू काय, तर सोड्याच्या बाटलीतली काचेची गोळी. वाचकहो, तुम्ही त्या वेळी ठाण्यात आमच्या आळीत असता, तर तुम्हीही माझ्यासारखी मान पुढे काढून पाहिले असते आणि मग स्वतःवरच चिडला असता, की एका गोळीसाठी आपण श्वास का रोखला.

"हा तिकडच्या पहारेकऱ्याचा डोळा," त्या सांगत. "साऱ्या गावात मिळून एकच. पहारा संपला की काढून पुढच्याच्या हातावर ठेवायचा. आणि डोळाच एक, म्हणून तिकडे कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही. तेवढी सवड कुणाला आहे?"

त्यांचे नाव मी लिहिणार नाही. सारी आळी त्यांना काकू म्हणे, मीही म्हणे.

मी लग्न होऊन आले ती छापखान्याच्या घरात. यजमान छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवीत आणि मी मजकूर लिही. चार पानांची पत्रके आम्ही काढीत असू. विधवांना न्हाव्यापुढे बसवून केस उतरवणे हा अधर्म आहे, पोरींना बाहुली खेळायच्या वयात बोहल्यावर उभे करणे हा गुन्हा आहे, असे मी लिही आणि खाली नाव न घालता ते वाटले जाई. सासूबाई आल्यागेल्यापुढे मला "आमची छापील सून" म्हणत. मला ते नाव आवडत असे, हे मी त्यांना कधी कळू दिले नाही.

तर चैत्रातली गोष्ट. घरोघर गौर झोपाळ्यावर बसलेली, पुढे पायऱ्यांची आरास, आंब्याची डाळ, पन्हे. दुसऱ्यांच्या घरी आराशीत कलिंगडाची कमळे, चांदीची खेळणी, लाकडी राघू. काकूंच्या घरी पायऱ्यांवर मांडलेले होते भंगार. दुसरा शब्द मला सापडत नाही. घड्याळाचा वाकडा काटा. चिनी मातीच्या बाहुलीचा एक हात. कुलूप हरवलेली किल्ली. छत्रीची काडी. साहेबाच्या कोटाचे बटण. आणि अगदी वर, गौरीच्या पायाशी, एक साधी शिंगाची फणी.

"हा काटा नव्हे," काकू म्हणाल्या. "तिकडे वेळ शेतात पिकतो. हा कोवळा तास आहे. घाईने खुडला, म्हणून वाकडा राहिला. पिकू दिला असता तर सरळ झाला असता."

"आणि हा हात हो, काकू?" कोणीतरी विचारले.

"राणीचा. तिकडच्या राणीला हळदीकुंकवाला जायचा फार कंटाळा. ती हात पाठवून देते. हात जातो, कुंकू लावून घेतो, पन्हे नको म्हणतो आणि परत येतो. त्यामुळे राणीबद्दल मागून बोलता येत नाही. हात ऐकतो."

"हाताला कान असतात का?"

"तिकडे असतात. इकडे कानांना तरी कुठे असतात?"

बायका पोट धरून हसल्या. किल्ली म्हणे तिकडे झाडाला लागते, मुले चोखून खातात, आणि कुलूप ही वस्तू अजून कोणाला सुचलेलीच नाही. पाऊस पडतो, पण खालून वर. मी आळीत नवी. माझ्या कपाळावर आठ्या पडल्या. नातवंडे झालेल्या बायका, घरात चार भाकरी जास्त झाल्या तर हिशोब मागणाऱ्या, इथे बसून विचारीत होत्या की तिकडे सून आधी जेवली तर सासू काय म्हणते. (सासू म्हणते, मीठ बरोबर आहे का सांग, मग मी बसते.) मी घरी आल्यावर सासूबाईंना म्हटले, "एवढ्या शहाण्या बायका, आणि ह्या थापा ऐकतात?"

"तुझ्या पत्रकापेक्षा बऱ्या असतात," सासूबाई म्हणाल्या आणि भिजवलेले हरभरे निवडायला बसल्या.

खरा धक्का मला पुढे बसला. 'तिकडे' म्हणजे नुसते कुठेतरी नव्हे. काकूंचे यजमान मिठाच्या खात्यात कारकून होते. कोणाशी तरी भांडून नोकरी सोडली, आगबोटीवर चढले आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बंदरात गेले. पहिल्या वर्षी एक खबर आली, मग नाही. काकूंचे म्हणणे असे, की ते त्या बंदरावरूनही पुढे गेले, एका राज्यात पोचले आणि आता तिथे दिवाण आहेत. पत्र लिहायला तिकडे शाई नाही, म्हणून वस्तू पाठवतात. वर्षाला एक. आगबोटीवरच्या कोणा माणसाबरोबर. ती वस्तू काकू चैत्रात, हळदीकुंकवाच्या दिवशी, सगळ्यांदेखत आराशीत मांडीत.

मी संतापले. खोटेपणाचा मला जन्मजात तिटकारा. दुसऱ्याच दिवशी मागीलदारी त्या तुळशीला पाणी घालीत होत्या तिथे मी गेले आणि कुंपणाच्या अलीकडून सरळ विचारले, "काकू, ते जिवंत आहेत का हो?"

आळीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. काकूंनी तांब्या रिता होईपर्यंत पाणी घातले.

"ते आहेत की नाहीत ते देवाला ठाऊक," त्या म्हणाल्या. "मी आहे, एवढं मला ठाऊक आहे."

"मग उघड म्हणा की मला माहीत नाही. हे राज्य, हा दिवाण, हे कशाला?"

"बारा वर्षं खबर नाही आली की काय करतात, ठाऊक आहे ना तुला? लिहितेस एवढं."

मला ठाऊक होते. तुम्हालाही असेल. परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षे काही खबर नसली, की तो मेला असे धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, सुतक धरतात. आणि पुतळा जळाला की त्या माणसाची बायको त्या दिवसापासून विधवा. पण मध्ये कधीही खबर आली, खूण आली, तर मागची वर्षे पुसली जातात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"उघड सांगितलं तर न्हावी येईल," काकू म्हणाल्या. "तुझं पत्रक वाचून तो परत जाणार असेल, तर सांग. मी आत्ता रस्त्यावर उभी राहून ओरडून सांगते."

त्यांनी पदर सारखा केला. अंबाडा चांगला मोठा होता, मधून एकदोन पांढऱ्या रेषा. मी पहिल्यांदाच तो नीट पाहिला. गौरीच्या पायाशी फणी का ठेवतात तेही मग विचारावे लागले नाही. त्या फणीबद्दल त्या कधी काही सांगत नसत. कोणी बोट दाखवले तर म्हणत, "ती इकडचीच आहे."

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. वस्तू येत कुठून? काकू कधी वेशीबाहेर जात नसत.

मिठागरावरची आगरी बाई चैत्रात डोक्यावर पाटी घेऊन मीठ विकायला येई, ती कोपरच्या बाजूची; तिच्या बोलीत 'ड'चा 'र' होई. एकदा मी पाहिले, तिने मीठ मोजून दिले आणि कमरेच्या केळातून, म्हणजे लुगड्याच्या खोचलेल्या घडीतून, काढून एक पितळी कडी काकूंच्या पायरीवर ठेवली.

"यो बग गो बाय, भरतीला गावला. तुजे दादल्यानं धारला आसंल."

"त्यांनीच," काकू गंभीरपणे म्हणाल्या. "कसे होते?"

"मोप जारे झालेत म्हनं." आणि दोघी हसल्या, तोंडाला पदर लावून, बराच वेळ.

पण एका मिठवालीच्या भरतीने आरास भरत नाही. पुढच्या चैत्रात नवी वस्तू निघाली ती शिशाची, लांबट, टोकाशी काहीतरी कोरलेली. काकूंनी फुंकर घातली.

"हा तिकडच्या न्यायाधीशाचा दात. चुकीचा निवाडा दिला की एक पडतो. तिकडचे म्हातारे न्यायाधीश सगळे बोळके आहेत, पण आता निवाडे बरे देतात."

तो आमच्या छापखान्यातला झिजलेला खिळा होता. उलटा 'क्ष'. यजमानांनी तो टाकाऊच्या डब्यात टाकताना मी पाहिले होते. मी सासूबाईंकडे पाहिले. सासूबाई पन्ह्यातली वेलची शोधीत होत्या.

हळदीकुंकवाला घरधनीण आल्यागेल्यांची ओटी हरभऱ्यांनी भरते, ही रीत. आमच्या आळीत तिच्या पाठोपाठ एक उलटी रीत पडली होती. जाताना प्रत्येक जण मूठभर हरभरे काकूंच्या ओटीत परत घाली. मला वाटे, आपली माया. त्या दिवशी मी मुठी पाहिल्या. हरभऱ्यांखाली कोणाच्या मुठीत काही चमकले, कोणाच्या मुठीत काही टोचले. काकू ओटी गच्च धरून उभ्या होत्या आणि एकीच्याही तोंडावरची रेघ हलत नव्हती. ह्यातून एक निवडायची, पुढच्या वर्षी ती 'यायची'.

घरी येऊन मी म्हटले, "तुम्ही सगळ्याजणी?"

"तू लिही आपलं," सासूबाई म्हणाल्या. "ज्याला जे येतं ते त्यानं करावं."

मला हसावे की रडावे कळेना. मी रागावलेच. ज्या बायकांना जागे करायला मी रात्रंदिवस पत्रके लिहीत होते, त्या माझ्या आधीपासून जाग्या होत्या, आणि जाग्या असून त्यांनी काय केले, तर एक खोटे राज्य उभारले. रूढी मोडली नाही. तिच्या खिशात रोज एक खडा टाकीत बसल्या. असे मी त्यांना तोंडावर म्हटले. "हो ग बाई," सासूबाई म्हणाल्या, "खडे जड झाले की बसते ना ती खाली."

मग काकूंचे धाकटे दीर आले. ते कल्याणला राहत. घरातला भावाचा वाटा त्यांना हवा होता, हे कोणी बोलत नसले तरी सर्वांना ठाऊक होते. भाऊ मेला असे ठरले, की वाटा त्यांचा आणि काकूंना मागची खोली व दोन वेळचा भात. पण त्यांच्या तोंडी ते नव्हते. ते ओटीवर बसून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, बारा वर्षं झाली. दादाला गती नको का मिळायला?"

"जिवंत माणसाला कसली गती, भाऊजी?"

"खबर कुठे आहे?"

"दर साल येते. चैत्रात या, बघा."

"येतो," दीर म्हणाले. "शास्त्रीबुवांना घेऊनच येतो."

हे ऐकल्यावर आळीत चूल पेटली तरी कोणाचे तिकडे लक्ष नसे, अशी गत झाली. शास्त्रीबुवा म्हणजे ठाण्यातला शेवटचा शब्द. माझ्या पत्रकाला त्यांनी भर देवळात "कागदाची नासाडी" म्हटले होते. म्हातारे, कडक, आणि तपकिरीचे भोक्ते. त्यांच्या डबीचे झाकण मागल्या वर्षापासून हरवले होते. डबीच्या तोंडाला ते चिंधी बांधीत आणि घरात दर दोन दिवसांनी झाकणाच्या नावाने ओरडत. शास्त्रीणबाई म्हणत, "मूषकानं नेलं असेल."

हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांनी घर भरलेले असताना दोघे पुरुष उंबरा ओलांडून आत आले. असे कधी झाले नव्हते. काही जणी उठून भिंतीला लागल्या. काकू उठल्या नाहीत. त्या आराशीपाशी पाटावर बसल्या होत्या, हिरवे लुगडे, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. त्यांचा आवाज रोजचाच होता.

"या वर्षीची खूण दाखवा," शास्त्रीबुवा म्हणाले.

काकूंनी फडके उचलले. खाली पितळेचे गोल झाकण होते, कडेला एक पोचा.

मी शास्त्रीणबाईंकडे पाहिले. त्या झोपाळ्यावरच्या गौरीकडे पाहत होत्या, जणू तिला आजच पाहत आहेत. मला वाटले, संपले. एवढ्या ओट्या, एवढ्या मुठी, आणि नेमके हेच निवडले? पुढे काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मुद्दामच निवडलं. परक्याच्या वस्तूवर माणूस पटकन निवाडा देतो."

"हळू," त्या शास्त्रीबुवांना म्हणाल्या. "त्याला अजून इकडची हवा मानवलेली नाही."

शास्त्रीबुवांनी झाकण हातात घेतले.

"ही तिकडच्या सेनापतीची ढाल," काकू सांगू लागल्या. "सेना मुंग्यांची आहे, म्हणून एवढीशी. शत्रू चालून आला की सेनापती ढाल पुढे करतो. तिचा वास असा, की शत्रूला शिंक येते. आणि शिंक आली की निघायचं नाही, अपशकुन. शत्रू परत जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, पुन्हा शिंकतो. त्यामुळे तिकडे आजवर एकही लढाई झालेली नाही, आणि एकही बाई..." इथे त्या थांबल्या. पुढचे त्या बोलल्या नाहीत.

कोणी हसले नाही. दीर म्हणाले, "शास्त्रीबुवा, हा पोरखेळ आहे. असलं झाकण कुठल्याही बाजारात मिळतं."

शास्त्रीबुवांनी कनवटीची डबी काढली. चिंधी सोडली. चिमूट भरली आणि सगळ्यांदेखत नाकात ओढली. एक नाकपुडी, मग दुसरी. डोळासुद्धा मिचकावला नाही. मग झाकण उचलून नाकाशी नेले, अगदी नुसते नेले, आणि शिंकले. अशी शिंक, की गौरीचा झोपाळा हलला.

दीर उभे राहिले. "बोला, शास्त्रीबुवा. निर्णय द्या."

"काय बोलू?" शास्त्रीबुवा नाक पुशीत म्हणाले. "शिंकलो ना. आरंभालाच शिंक. आज निर्णय होत नाही." ते उठले, झाकण पायरीवर होते तिथेच जपून ठेवले. "आणि होऊन तरी काय? वस्तू तिकडचीच आहे. वासच सांगतोय. खबर आली. मोजणी आजपासून."

जाताना दारात ते बायकोला म्हणाले, "आज चिंधी बदल. नवी मजबूत बांध. आता जन्मभर पुरायची आहे."

मला आनंद झाला नाही. भरल्या चिमटीने ज्याला शिंक आली नाही, त्याला रिकाम्या झाकणाने आली. म्हणजे ह्या माणसाला सारे कळत होते. पुतळा म्हणजे काय, न्हावी म्हणजे काय, मागची खोली म्हणजे काय. मनात आणते तर देवळात उभे राहून म्हणाले असते, की हे बंद करा, आणि अर्धे ठाणे ऐकते. त्याऐवजी त्यांनी शिंक दिली. एक, एका बाईपुरती. एवढ्या विद्येला न्याय उघड बोलता येऊ नये, तो नाकातून द्यावा लागावा, ह्याचा मला त्या दिवशी धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्या वेणी घालीत होत्या.

"लिही तू हे," त्या म्हणाल्या. "मी मेल्यावर लिही. तोवर मला वेणी घालू दे."

म्हणून आता लिहिते आहे.

काकू गेल्या त्या पुढे काही वर्षांनी, माघात, तापाने, चार दिवसांत. मोजणी संपायला पुष्कळ वर्षे होती. हिरवे लुगडे नेसवले, मळवट भरला. केस मी विंचरले, त्याच फणीने. ते कमरेखाली आले होते, बरेच पांढरे. शास्त्रीणबाईंनी वेणीत अबोली माळली. ओटी भरताना बायकांनी हरभरे, खण, नारळ घातले आणि प्रत्येकीच्या मुठीतून खाली आणखी काहीतरी गेले. कोणी कोणाला विचारले नाही. दीर आले होते, रडले. घराला त्यांनी मग कुलूप लावले. आराशीचे सामान त्यांनी परसात फेकले, त्यातली फणी तेवढी मी उचलली.

चैत्रात मिठवाली आली. कुलूप बघून माझ्या दाराशी थांबली, पाटी उतरवली, कमरेचे केळ चाचपले. हातात निळ्या काचेचा तुकडा होता, पाण्याने गुळगुळीत झालेला.

"ती कुठं गेली?"

मी सांगितले.

"तिकरं गेली म्हन की," ती म्हणाली. "मंग यो आता उलटा धारते. ओहोटीला सोरते, पोचंल." मग माझ्या भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या फणीकडे तिची नजर गेली. "ती तिचीच ना? दे. तिकरं तिला लागंल."

फणी मी जपून ठेवणार होते. तिच्यावर एक पत्रक लिहिणार होते, मथळासुद्धा ठरला होता. मिठवालीने हात पुढे केला होता, मिठाने तडे गेलेला.

मी फणी दिली. तिच्या दातांत एक लांब केस अडकलेला होता, तो मी काढला नाही. मिठवालीने तो पाहिला, फणी दोन बोटांत धरली आणि तिच्यावर हलकी फुंकर घातली.